जनकाच्या कडव्यातली घाई

आमच्या घरात कीर्तन संपल्यावर कोणी वाहवा करत नाही. आरती झाली, पानकम म्हणजे गुळाचं पाणी आणि नीरमोर म्हणजे पातळ ताक, यांचे पेले फिरले, की घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने कीर्तनकाराजवळ जाऊन एक चूक सांगायची. एकच. सूर उतरला, ओवी गाळलीस, विश्वामित्राला उगाच फार बोलायला लावलंस, काहीही चालतं. चूक काढली की दृष्ट लागत नाही म्हणे. तंजावरात आमच्यासारखी मराठी घरं पुष्कळ आहेत, पण ही पद्धत दुसरीकडे कुठे मी पाहिली नाही. पाहुण्यांना ती उद्धटपणाची वाटते. मला ती शहाणपणाची वाटते. चूक काढायची तर आधी ऐकावं लागतं, वाहवा न ऐकताही करता येते.

अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, चूक काढायचा मान माझ्या आत्याचा. ती अप्पांची थोरली बहीण, अप्पा तिला अक्का म्हणत. अप्पा काही धंदेवाईक कीर्तनकार नव्हते. ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत त्यांनी जन्मभर नोकरी केली, आणि वर्षातून एकदा, रामनवमीच्या उत्सवाच्या शेवटच्या दिवशी, आमच्या घराच्या कूडात म्हणजे मधल्या मोठ्या खोलीत ते सीतेच्या लग्नाचं कीर्तन करत. पदं पणजोबांनी रचलेली. भाषा मराठी, लिहिलेली तमिळ लिपीत, कारण देवनागरी आमच्यात कोणाला येत होती? मीसुद्धा ती चाळिशीनंतर शिकले. आत्याला तर कोणी काहीच शिकवलं नाही. मुलींनी कीर्तन करायचं नव्हतं. तिने स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहून सगळी पदं उचलली, आणि समोर बसून शिकणाऱ्या धाकट्या भावापेक्षा चांगली उचलली.

त्या कीर्तनात एक कडवं आहे, जनकाचं. जनक सीतेचा हात रामाच्या हातात देतो आणि मग स्वतःच्या रिकाम्या हाताकडे बघतो, एवढंच त्यात आहे. ते अगदी संथ गायचं. अप्पा नेमकी तिथेच घाई करायचे. आत्या लग्न होऊन गेली तेव्हा ती सोळा वर्षांची आणि अप्पा हाफपँटमधले. स्टेशनवर गाडीबरोबर ते फलाटाच्या टोकापर्यंत पळाले होते, असं आत्याच सांगायची. त्या कडव्याला आले की त्यांचा गळा भरायचा आणि तो कोणाला कळू नये म्हणून ते पुढे पळायचे. आत्याला कारण माहीत होतं. तरी दर वर्षी पेला हातात घेऊन ती त्यांच्यापाशी जाई आणि म्हणे, "जनकाच्या कडव्यांत घाई केलास." अप्पा मान डोलवत, "शेरी अक्का, पुढच्या वर्षी." शेरी म्हणजे बरं. हे संभाषण मी लहानपणापासून ऐकत आले.

आतोबा गेल्यावर आत्या मुलीकडे अमेरिकेत गेली. पहिली काही वर्षं आम्ही फोन कूडात ठेवून तिला कीर्तन ऐकवलं. पुढे तिचे कान मंदावले. फोनवर तिला नुसता मृदंग ऐकू येई. मग तेही बंद पडलं. तिने नव्वदी ओलांडली, इकडे अप्पांना ऐंशीनंतर जिना चढवेना, आणि तेव्हा कुठे तो चॅनेल आमच्या घरात आला.

चॅनेल इंटरनेटवरचा, आपल्याच माणसांचा. चेन्नईत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले एक गृहस्थ तो चालवत. दक्षिणेतल्या मराठी कुटुंबांचे सण, पदार्थ, गाणी, सगळं त्यावर. दर वाक्यात 'हेरिटेज' म्हटल्याशिवाय त्यांना श्वास घेता येत नसे. त्यांनी फोन करून सांगितलं, अप्पांचं कीर्तन लाइव्ह दाखवायचं. मी मुलींच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते, तेव्हा जोडणी तुम्हीच करा, हेही त्यांनीच ठरवलं. फुकट राबणारं माणूस मिळालं की हेरिटेजवाल्यांना फार आनंद होतो. मी नाही म्हणणार होते. पण आत्याच्या मुलीने सांगितलं, टीव्हीला जोडून कानाला मोठे हेडफोन लावले तर अम्माला सगळं ऐकू येतं. हे कळल्यावर अप्पांनी मला नाही म्हणूच दिलं नाही.

त्यांनी त्या दिवसापासून तालीम सुरू केली. रोज दुपारी झोपाळ्यावर बसून एकच कडवं. जनकाचं. पाय टेकवून झोपाळा थांबवत, डोळे मिटत आणि एकेक अक्षर जागेवर ठेवत पुढे जात. गळा भरला की थांबत, पळत नसत. मग पुन्हा पहिल्यापासून. मी स्वयंपाकघरातून ऐकत असे. एकदा मला म्हणाले, "या वर्षी अक्कास दुसरी चूक शोधावी लागेल. ही मी देणार नाही." तिला पुन्हा ऐकवायला मिळेल याची अप्पांना खात्री नव्हती आणि मलाही. ती गोष्ट आम्ही बोललो नाही, पण घरात सगळ्यांना माहीत होती.

सगळ्यांना म्हणजे माझ्या थोरल्या भावालाही. अण्णा बंगळूरला असतो. काही वर्षांपूर्वी तो एक महागडा रेकॉर्डर घेऊन आला होता आणि दोन-तीन दुपारी त्याने अप्पांकडून ही सगळी पदं गाऊन घेतली होती. "घरासाठी," म्हणाला. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं होतं. परगावी राहून त्याला सुचलं, घरात राहून मला सुचलं नाही, असंही वाटलं होतं. ते कौतुक मला आता परत हवं आहे.

कीर्तनाच्या आदल्या दिवशी मी जोडणी केली. मोबाइल तिवईवर, तिवई मृदंगवाल्याच्या उजवीकडे, म्हणजे अप्पांचा चेहरा पूर्ण दिसेल आणि मागे रामाची तसबीर येईल. इंटरनेटचा डबा पुढच्या ओसरीवर होता, तो लांब वायर घालून कूडात आणला. वीज गेली तर म्हणून त्याला इन्व्हर्टर जोडला. पंख्याचा आवाज माइकमध्ये येत होता, म्हणून एप्रिलच्या उकाड्यात पंखा बंद ठेवायचं ठरलं. कॉलरला लावायचा छोटा माइक मी अप्पांच्या उपरण्याला अडकवून पाहिला.

"मज कशाला हा किडा?" अप्पा म्हणाले. "माझा आवाज ओरत्तनाडूपर्यंत जातो."

"अमेरिकेपर्यंत जात नाही ना अप्पा."

त्यावर किडा त्यांनी लावून घेतला. मी लॅपटॉपवर खाजगी चाचणी चालू केली. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, फक्त अर्ध्या मिनिटाचा उशीर. मी म्हटलं, आता एक पद गा. अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना चप्पल घालून देवघरात बोलावलंय.

"सीतेचें लग्न उद्या. आज कसें लावूं? देवास नैवेद्य आधी चाखून बघतेस की काय?"

तालीम चालते, कारण ती झोपाळ्यावर. रामाच्या तसबिरीसमोर उभं राहून, उपरणं घेऊन, आदल्या दिवशी नाही. मी पुष्कळ समजावलं. अखेर त्यांनी तमिळमध्ये आकडे मोजून दाखवले, खाकरले, कचेरीतल्या एका तहसीलदाराची गोष्ट सांगितली. तहसीलदाराची गोष्ट अमेरिकेत उत्तम ऐकू आली, असा निरोप आला. चेन्नईच्या गृहस्थांनी अंगठा पाठवला. अप्पा गायले असते तर दोन मिनिटांत सगळं उघडं पडलं असतं, आणि हातात एक पूर्ण दिवस होता. पण आमच्या घरात देवासमोर दोनदा काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कूड भरला. भरला म्हणजे जुनी ओळखीची माणसं, बहुतेक अप्पांच्याच वयाची, पापनाशमहून आलेलं एक नात्यातलं जोडपं, शेजारच्या तमिळ बायका. आत्याकडे सकाळ होती. तिच्या मुलीने फोटो पाठवला. आत्या रेशमी साडी नेसून टीव्हीसमोर, कानांवर हेडफोन, केसांत फूल. मुलगी कामावर जायला निघाली होती. "सगळं लावून दिलंय, अम्मा हलणार नाही," तिने लिहिलं. तो फोटो मी अप्पांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तो पुन्हा मागून घेतला आणि मग गळ्यात हार घालून घेतला. हार एकदा घातला की कीर्तन मधे थांबत नाही. हाही आमच्याकडचा दंडक.

नमन झालं, निरूपण झालं, विश्वामित्र मुलांना घेऊन मिथिलेला पोचला. मी कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. बघणारे जमत होते, हात जोडलेल्या खुणा येत होत्या. धनुष्य मोडलं आणि अप्पांनी लग्नाचं पहिलं पद घेतलं. त्याचं दुसरं कडवं चालू असताना लॅपटॉपच्या पडद्यावर पिवळी पट्टी आली. या प्रसारणात दुसऱ्याच्या मालकीचं संगीत आहे, तो भाग थांबवा. मला वाटलं, शेजारी कोणी रेडिओ लावलाय. मी उठून ओसरीवर जाऊनही आले. कुठे काही वाजत नव्हतं. परत येऊन बघते तर पडद्यावर अप्पा नव्हते. त्यांच्या जागी एक राखाडी चित्र, आणि आवाज बंद.

मी पट्टीवर दाबून बघितलं, कोणाच्या मालकीचं. गाण्याच्या जागी आमच्या पणजोबांचं पद. मालकाच्या जागी कुठल्याशा कंपनीचं नाव. आणि कलाकाराच्या जागी माझा भाऊ. बाजूला अल्बमचा चौकोनी फोटो, त्यात अण्णा जरीचं उपरणं घेऊन एका खांबाला टेकून उभा. घरासाठी गाऊन घेतलेली ती पदं त्याने इंटरनेटवर बाजारात घालून ठेवली होती, आणि ही पदं आमची, दुसऱ्या कोणाला वापरू देऊ नका, अशी खूणही करून ठेवली होती. यंत्राने आपलं काम चोख केलं. अप्पांचा आवाज अप्पांच्याच आवाजासारखा आहे हे त्याने ओळखलं, आणि चोरी म्हणून अप्पांना बंद केलं.

मी अण्णाला फोन लावला. तो घरी बसून हेच बघत होता.

"तुमच्याकडे नेट गेलंय काय?" त्याने विचारलं.

मी कुजबुजत सांगितलं काय झालंय ते. तो म्हणाला, "अगो, ते मी जपून राहावें म्हणून टाकलों होतों. तिथें सगळ्या खुणा आपोआप होतात. मी बघितलोंच नाही."

"आत्ता काढ. आत्ताच्या आत्ता."

"ते कंपनीस मेल करावें लागतें. चार-पांच दिवस घेतात."

"कलाकार म्हणून तुझं नाव का आहे?"

"कोणाचें तरी घालावेंच लागतें ग. अकाउंट माझें होतें."

त्याला त्यातून पैसा मिळाला असता तर मी त्याला निदान लोभी म्हणून सोडून दिलं असतं. पण तसंही नव्हतं. तो अल्बम कोणी ऐकत नव्हतं. नुसती हौस. आपला फोटो, आपलं नाव, ऑफिसातल्या चार लोकांना दाखवायला. माणूस हौसेपोटी एवढं उद्ध्वस्त करू शकतो, हे मला त्या कोपऱ्यात बसून कळलं.

मी नवं प्रसारण सुरू केलं. ते लगेच बंद पडलं. तेवढ्यात चेन्नईच्या गृहस्थांचा फोन आला. मला वाटलं, हे काही मार्ग सांगतील. ते म्हणाले, "पुन्हा चालू करू नका, प्लीज. आमच्या चॅनेलवर कारवाई होईल. आमची एवढ्या वर्षांची मेहनत आहे." हेरिटेज वाचवायचं म्हणजे चॅनेल वाचवायचा, हे त्यांनी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मग मी आत्याच्या मुलीला साधा व्हिडिओ कॉल लावला. ती गाडी चालवत होती, फोन उचलला नाही. आत्याकडे स्वतःचा फोन नव्हता. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला. तिकडे आत्या एका राखाडी चित्रासमोर फूल माळून बसली होती, आणि मला तिच्यापर्यंत पोचायला एकही वाट उरली नव्हती.

आणि इकडे अप्पांनी जनकाचं कडवं घेतलं.

फोन कानाला लावलेला असतानाच मी ते ऐकलं. पलीकडे रिंग वाजत होती आणि अलीकडे अप्पा गात होते. त्यांनी घाई केली नाही. सीतेचा हात त्यांनी सावकाश रामाच्या हातात दिला. मग ते थांबले. गळा भरला हे कूडातल्या सगळ्यांना दिसलं, त्यांनी लपवलं नाही. मृदंगवाला थांबून राहिला. मग त्यांनी रिकाम्या हाताची ओळ उचलली आणि ती शेवटपर्यंत नेली. गाताना ते आमच्याकडे बघत नव्हते, मोबाइलच्या भिंगाकडे बघत होते. मला रडू आलं, आणि इतका राग आला की रडताही येईना.

कीर्तन संपलं. आरती झाली, पेले फिरले. घरातलं वडीलधारं माणूस कूडात नव्हतं, म्हणून कोणी चूक काढली नाही. अप्पांनी माइक काढून माझ्या हातात दिला.

"पोचलें?"

मी तोंड उघडायच्या आत त्यांच्या फोनवर अण्णा आला. त्याने मोठ्याने सांगितलं, "अप्पा, एकदम फर्स्ट क्लास! सगळें दिसलें, सगळें ऐकलें." स्पीकर चालू होता. अप्पा हसले. मी माइकची वायर गुंडाळत राहिले. खरं सांगून त्या क्षणी मी कोणाचं भलं केलं असतं? तरी अण्णाने ते वाक्य किती सहज म्हटलं, ते मी विसरलेले नाही.

चित्रफीतही राहिली नाही. लाइव्ह झालं की आपोआप जतन होतं, म्हणून मी मोबाइलमध्ये वेगळं रेकॉर्डिंग चालू केलं नव्हतं, आणि अडवलेलं प्रसारण पुसून टाकतात. कूडातल्या म्हाताऱ्यांपैकी कोणाला फोन काढून धरायचं सुचलं नव्हतं. ते ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याचा फोन आला. तिच्या मुलीला मी सगळं कळवलं होतं, अप्पांना सगळं पोचलंय असं वाटतंय हेही, आणि तिने आत्याला. आत्याला काय सांगायचं ते आम्ही ठरवलं नव्हतं, आम्ही कोण ठरवणार? अप्पा आंघोळ करून, विभूती लावून फोनची वाटच बघत बसले होते. मी फोन त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवला.

"बसलास की उभा आहेस?" आत्याने विचारलं.

"बसलों आहें अक्का."

"ऐकलें रे. सगळें ऐकलें. कानास ते लावून दिली होती, अगदी जवळ ऐकूं आलें. विश्वामित्र मोठा झकास केलास."

विश्वामित्रापर्यंत तिने खरंच ऐकलं होतं. अप्पा पुढे वाकले.

"चूक सांग."

तिकडे जरा वेळ लागला. लाइनचा नव्हता तो, एवढं मला कळतं. मग आत्या तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चूक काय, तीच. जनकाच्या कडव्यांत घाई केलास."

मी अप्पांकडे बघितलं. ते फोनकडे बघत होते. त्यांना काय कळलं ते त्यांच्या हातांत दिसलं. मांडीवर जोडून धरलेले हात त्यांनी सोडले आणि गुडघ्यांवर ठेवले. तिने त्यांना सांभाळून घ्यायला जन्मभराची खात्रीची चूक निवडली होती. बिचारीला कसं कळावं की या एका वर्षी ती चूक झालीच नव्हती?

"शेरी अक्का," अप्पा म्हणाले. "पुढच्या वर्षी."

फोन ठेवल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "कुठपर्यंत पोचलें होतें?" मी सांगितलं, धनुष्य मोडेपर्यंत. का, तेही सांगितलं, अण्णाच्या नावासकट. काही लपवलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यास सांगूं नको मज कळलें म्हणून. वाईट वाटेल त्यास." माझा तळतळाट झाला. ज्याला वाईट वाटायला हवं होतं त्यालाच ते वाटू द्यायचं नाही! पण वडिलांचा शब्द, मी पाळला.

कंपनीने ती खूण काढली. अण्णा उत्साहाने म्हणाला, पुढच्या शुक्रवारी पुन्हा करू या, आता काही अडचण नाही. अप्पा म्हणाले, सीतेचं लग्न वर्षातून एकदाच. पुढच्या रामनवमीच्या आधी आत्या गेली.

त्या दिवशी अण्णाने घरच्या ग्रुपवर आत्याचे फोटो एकामागे एक लावून व्हिडिओ पाठवला. मागे अप्पांचं गाणं, त्याच्या अल्बममधलं, सीतेच्या लग्नाचं. खाली त्याने लिहिलं होतं, बरं झालं तेव्हा रेकॉर्ड करून ठेवलं. अप्पांनी माझ्याकडून फोन मागून घेतला आणि झोपाळ्यावर बसून कानाशी धरला. त्यांनी फोटो बघितले नाहीत, डोळे मिटून ऐकलं. जनकाचं कडवं आलं आणि भराभर निघून गेलं.

"घाई झाली आहे," ते म्हणाले. "अक्का बरोबर सांगत होती."

आणि फोन त्यांनी मला परत दिला.